सिल्मरिलियन, फायर अँड ब्लड वगैरे: या जाड इतिहासांनी मूळ कथा मोठी होते का?

तापीकाठ (शिरपूर)
आवडत्या मालिकेच्या मागून येणारे जाडजूड इतिहास म्हणजे नुसता धंदा, कथेत त्यांनी काडीची भर पडत नाही, असं बऱ्याच जणांचं मत दिसतं. मला ते अजिबात मान्य नाही. का, ते एकाच प्रसंगावरून सांगतो.

टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीत नायक फ्रोडोचा माळी सॅम शीलॉब नावाच्या अजस्र कोळिणीसमोर उभा ठाकतो. हातात गलाड्रिएल या एल्फ राणीने फ्रोडोला दिलेली कुपी. तिचा उजेड कोळिणीला सोसवत नाही आणि ती माघार घेते. पहिल्या वाचनात एवढंच कळतं. शीलॉब ही अंगोलियंटची पोर, असा उल्लेख कादंबरीत आहे, पण ही अंगोलियंट कोण हे त्याच जगाचा जुना इतिहास सांगणारं 'सिल्मरिलियन' वाचल्यावरच समजतं. व्हॅलिनोर या देवभूमीतल्या दोन झाडांचा प्रकाश पिऊन जिने ती झाडं मारली, ती ही. त्यांचा निर्मळ प्रकाश उरला तो फक्त सिल्मरिल रत्नांत. त्यातलं एक बेरेन नावाच्या माणसाने मॉर्गॉथ या काळ्या सम्राटाच्या मुकुटातून उपटलं, ते पुढे एरेंडिल या दर्यावर्द्याच्या कपाळी तारा होऊन आकाशात गेलं, आणि त्या ताऱ्याचा उजेड गलाड्रिएलने कुपीत धरला. म्हणजे आईने जो प्रकाश गिळला त्याचाच उरलासुरला कवडसा लेकीच्या जखमी डोळ्यांत घुसतो, तोही एका साध्या माळ्याच्या हातून! हे कळल्यावर ते प्रकरण पुन्हा उघडलं आणि अंगावर काटा आला. मूळ पुस्तकातला एक शब्दही बदललेला नव्हता.

केळीबाग (रावेर)
दादा, प्रसंग सुरेख उलगडलात. पण अख्ख्या ग्रंथातून तुम्ही एक मोती वेचून दाखवताय. बाकीचं काय? एल्फ राजघराण्यातली नावंच बघा: फिन्वे, फिंगोल्फिन, फिनार्फिन, फिंगॉन, फिनरॉड. कोण कोणाचा मुलगा हे लावता लावता माणूस पुस्तक मिटतो.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. कादंबरीत अ‍ॅरागॉर्न हा वाटाड्या वेदरटॉप टेकडीवर रात्रीच्या अंधारात लूथिएनचं, म्हणजे बेरेनच्या एल्फ प्रेयसीचं, गाणं म्हणतो, थोडंसं सांगतो आणि थांबतो. त्या थांबण्यात जी ओढ आहे ती सगळा तपशील मिळाल्यावर राहत नाही. टॉल्किननेच 1963 च्या एका पत्रात लिहिलंय की कादंबरीचं आकर्षण काही अंशी मागच्या मोठ्या इतिहासाच्या ओझरत्या दर्शनात आहे. लांबून धुक्यात चमकणारे शहराचे मनोरे बघावेत, तसं. तिथे जाऊन पोचलात की जादू संपते. लेखक स्वतः म्हणतोय, मग आपण कशाला हट्ट धरायचा?

तापीकाठ (शिरपूर)
पत्र बरोबर आहे, पण वाक्य अर्ध्यावर तोडलंत. पुढे तो म्हणतो, जादू संपते, *जर तिथून आणखी लांबचं, न गाठता येणारं काही दिसलं नाही तर*. 'सिल्मरिलियन'मध्ये ते दिसतं. शिवाय हे पुस्तक मागून जोडलेलं शेपूट नाही. या कथा त्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात लिहायला घेतल्या. त्याची आधीची कादंबरी 'हॉबिट' आली 1937 मध्ये, आणि त्याच वर्षी प्रकाशकाने या जुन्या कथांचं बाड परत केलं. तो 1973 मध्ये गेला, मुलाने हस्तलिखितं जुळवून 1977 मध्ये पुस्तक काढलं. इतिहास आधीचा आहे, कादंबरी नंतरची.

चोपडेकरीण
मला दोघांचंही थोडं पटतं. आमच्या घरी पूर्वी भाट वही घेऊन यायचे आणि पिढ्यांची नावं वाचायचे. लहानपणी कंटाळा यायचा. पण आजोबांचं नाव आलं की घर शांत व्हायचं. या वंशावळींचं तसंच आहे. यादीतलं एक तरी माणूस आपलं असावं लागतं. म्हणून कादंबरी आधी, इतिहास मग. उलट क्रमाने वाचणाऱ्याचा छळच होणार.

भुसावळ_डाऊन
माले हाई पटनं नही भो. टॉल्किनचं ठीक, त्याची कादंबरी पूर्ण होती. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या मार्टिनचं काय? त्याच्या कादंबरीमालिकेचा पाचवा भाग 2011 चा. सहाव्याची अजून वाट बघतोय. मधे 2014 मध्ये त्या जगाच्या माहितीचा भलाथोरला सचित्र ग्रंथ, 2018 मध्ये तिथल्या जुन्या राजघराण्याचा इतिहास 'फायर अँड ब्लड'. मला मालिकेतल्या जॉन स्नोचं पुढे काय झालं ते हवंय आणि हातात येतात त्याच्या कित्येक पिढ्या आधीच्या राजांच्या भानगडी. याला समृद्धी कशी म्हणू?

जुनं धुळे
वाट बघण्याचा वैताग मलाही आहे. तरी 'फायर अँड ब्लड'वर अन्याय करू नका. ती बखर आहे. सांगणारा एक विद्वान, त्याच्यापुढे साक्षीदार तीन: एक धर्मगुरू, एक राजवैद्य-पंडित आणि मशरूम नावाचा दरबारी विदूषक. राजाच्या अंगरक्षकांतला क्रिस्टन कोल राजकन्या रेनीराचा वैरी का झाला? धर्मगुरू म्हणतो, त्याने पळून जाऊ म्हटलं, तिने नाकारलं. विदूषक म्हणतो, तिनेच पुढाकार घेतला, नकार त्याचा. ग्रंथ निकाल देत नाही. त्यावरच्या 2022 च्या 'हाऊस ऑफ द ड्रॅगन' या टीव्ही मालिकेला मात्र एक घटना ठरवून दाखवावी लागली, आणि तिथे मजा कमी झाली. ज्या गावात इतिहासकार वि. का. राजवाड्यांचे कागद जपून ठेवलेत, तिथल्या माणसाला हे वाचताना हात शिवशिवणारच.

भुसावळ_डाऊन
काका, राजवाड्यांचंच नाव काढलंत तर ऐका. बखरींवर त्यांनी कडक टीका केली, कारण अस्सल पत्रं हाताशी होती. पानिपत खरंच घडलं होतं, म्हणून बखर तपासता येते. इथे तिन्ही साक्षीदार एकाच माणसाने रचलेत. खरं काय घडलं हे त्याने ठरवलंच नसेल तर? मग ती संदिग्धता कष्टाची नाही, फुकटची आहे.

जुनं धुळे
मुद्दा जोरकस आहे, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच सांगतो: मूळ मालिकेतही प्रत्येक प्रकरण एकेका पात्राच्या नजरेतून येतं, त्या पलीकडचं कळत नाही. हा इतिहास तोच खेळ शंभरेक वर्षांच्या पटावर मांडतो. तो वाचल्यापासून मूळ पुस्तकात कोणी "पूर्वी असं झालं" म्हणालं की मी आधी बघतो, सांगणारा कोणाच्या बाजूचा आहे. माझं वाचन बदललं, हे मला पुरेसं आहे.

केळीबाग (रावेर)
अ‍ॅरागॉर्नच्या गाण्याबद्दल मी माझ्या जागी ठाम आहे. पण शीलॉबचं प्रकरण रात्री पुन्हा काढलं. दादा, तेवढा धागा धरायचा तर 'सिल्मरिलियन'मध्ये कुठून शिरू? पहिल्यापासून माझ्याने होणार नाही.

तापीकाठ (शिरपूर)
झाडं मरतात ते प्रकरण आधी, मग थेट बेरेन आणि लूथिएन, मग शेवटाकडे एरेंडिल. मधले फिनार्फिन-फिंगोल्फिन राहू द्या. मागची वंशावळ मात्र बोट घालून उघडी ठेवा, मीही तसंच वाचतो.