तिसरीत कर्णबधिर मुलगी आली आहे, वर्गात नेमकं काय बदलू?

प्रश्न : दापोलीकडची बाई

जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीचा जोडवर्ग घेते. जूनमध्ये एक मुलगी दाखल झाली, दोन्ही कानांना मशीन. इतकी शांत की तीन आठवडे मला वाटलं, सगळं सुरळीत आहे. "कळलं का गं?" म्हटलं की मान डोलवायची. वही तर वर्गात सगळ्यांत नेटकी.

मग एक दिवस तिच्या शेजारची मुलगी आली नाही आणि नेमकं त्याच दिवशी मी श्रुतलेखन घेतलं. 'पाट' सांगितलं, हिने 'माठ' लिहिलं. 'बाग'चं 'माग'. दहातले आठ शब्द चुकले. तीन आठवडे ती शेजारणीची वही बघून लिहीत होती आणि मी तिला शाबासकी देत होते. त्या रात्री मला झोप आली नाही.

वरिष्ठ म्हणतात, मूकबधिरांच्या निवासी शाळेत पाठवा. आई म्हणते, एवढ्याशा पोरीला लांब ठेवणार नाही. माझं प्रशिक्षण दोन दिवसांचं, तेही कधीच झालेलं. काय करू?

मिरजेची आई

बाई, तुम्ही वही बघितलीत, हेच खूप आहे. माझा मुलगा आता सातवीत आहे. प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात. क, ग तर घशातच राहतात, दिसतच नाहीत. तिने ओठ वाचून लिहिलंय, ते चूक म्हणून कापू नका. शब्द सुटा न देता वाक्यात द्या. "बागेत फुलं आहेत" म्हटलं की तिला धागा मिळतो.

तिला पुढच्या बाजूला, पण कडेला बसवा, म्हणजे तुम्हीही दिसाल आणि उत्तर देणारी मुलंही. खिडकीकडे पाठ करून उभ्या राहू नका, चेहरा काळा दिसतो. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. आधी लिहा, मग वळून बोला. आणि "कळलं का?" हा प्रश्नच सोडा, "आता काय करायचं, तू सांग" म्हणा.

मशीन शिट्टी मारतंय का बघा. मुलांचा कान वाढतो, मशीनचा कानात बसणारा साचा सैल होतो. कोकणातला पावसाळा म्हणजे रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत हवंच.

मुलाला खुणांची भाषा शिकवू नका असं आम्हाला सांगितलं होतं, बोलणं मागे पडतं म्हणून. आम्ही नाही शिकवल्या. मुलगा बोलतो, पण घरी आला की दप्तर टाकून झोपतो. दिवसभर ओठ वाचून थकतो.

गटसाधन केंद्रातला विशेष शिक्षक

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 31 वाचा. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकता येतं. म्हणजे निवासी शाळेत पाठवायचं की नाही हे वरिष्ठ ठरवत नाहीत. तालुक्याच्या विशेष शिक्षकांना लेखी कळवा, पोच घ्या.

पुण्याचा, स्वतः कर्णबधिर

मिरजेच्या ताई, रागावू नका, पण खुणा थांबवल्याने नुकसान होतं. मी साध्या शाळेत दहावी झालो. धडे वाचून कळायचे. मधल्या सुट्टीत खेळाचे नियम बदलायचे ते कळायचे नाहीत, मी बाद व्हायचो. घरी सगळे हसले की मी विचारायचो, काय झालं? "नंतर सांगते." ते नंतर कधी आलंच नाही. सांकेतिक भाषा एकोणिसाव्या वर्षी शिकलो आणि पहिल्यांदा रात्रभर गप्पा मारल्या.

बाई, एकट्या तिला नको, सगळ्या वर्गाला शिकवा. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा 10,000 शब्दांचा कोश व्हिडिओच्या रूपात फुकट मिळतो. रोज पाच शब्द घ्या. आणि तिला दुसरी कर्णबधिर मुलं भेटू द्या, मोठी माणसंही.

दापोलीकडची बाई

आज पाच शब्द घेतले : पाणी, आई, शाळा, पाऊस, मैत्रीण. व्हिडिओ माझ्याच मोबाइलवर, सगळी पोरं दाटीवाटीने भोवती. पत्र्यावर पाऊस एवढा होता की माझा आवाज कुणालाच ऐकू जाईना. तेव्हा शेजारच्या मुलीने हिला खुणेने 'पाऊस' म्हटलं. हिने लगेच खुणेनेच 'पाणी' म्हणून खिडकीतून गळणारी जागा दाखवली. खाली माझं रजिस्टर भिजत होतं.

ताई, साच्याचं माप नवीन घ्यायला दापोलीहून जवळ कुठे जावं लागेल? तिची आई रविवारी मोकळी असते.