मुंबईत मराठी, बेळगावात कन्नड: न्याय एकच हवा की दोन?

माहीमकर (धागाकर्ता)

माझं आजोळ बेळगावचं, जन्म आणि नोकरी मुंबईतली. २०२५ च्या फेब्रुवारीत बेळगावजवळ कर्नाटकच्या एका बस कंडक्टरला मराठी बोलत नाही म्हणून मारहाण झाल्याची बातमी आली आणि दोन्ही राज्यांच्या एसटी काही दिवस सीमेवरच थांबल्या. जुलैच्या सुरुवातीला मीरा रोडला एका दुकानदाराच्या कानाखाली वाजवल्याचा व्हिडिओ फिरला. कारण तेच, मराठी. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मुंबईकडच्या मंडळींनी मीरा रोडच्या व्हिडिओखाली 'बरं झालं' लिहिलं. बेळगावच्या मामाने लिहिलं, "असं लिहू नका रे, ते इथे आमच्यावर उलटतं."

त्या एका ओळीमुळे हा धागा काढतोय.

मामाच्या घरी सरकारी कागद कन्नडमध्ये येतो. मामा तो चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवतो आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडून वाचून घेतो. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून जास्त असतील तिथे नियम, सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असं केंद्राचं धोरण कित्येक दशकं आहे. मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून १९५६ मध्ये घटनेत ३५०-अ हे कलम घातलं. बेळगावातल्या मराठी माणसासाठी आपण याच गोष्टी मागतो आणि त्या हक्काने मागतो. मग इथल्या तमिळ, कन्नड किंवा भोजपुरी बोलणाऱ्याच्या बाबतीत आपली भाषा बदलते कशी?

माझं म्हणणं सरळ आहे. राज्याने आपली भाषा सरकारी कचेरीत, शाळेत, दुकानाच्या पाटीवर जरूर मागावी. २०२० चा शाळांमधला मराठी सक्तीचा कायदा मला मान्य, पाट्यांचा नियमही मान्य. पण रस्त्यात एखाद्याची कॉलर धरून त्याच्या तोंडून भाषा काढायची नाही. मुंबईत नाही आणि बेळगावातही नाही.

गिरणगावकर

माहीमकर, तुमची तुलनाच मुळात चुकली आहे. बेळगावातली मराठी माणसं कुठून पोट भरायला तिथे गेली नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यात झोपलेला माणूस म्हैसूर राज्यात जागा झाला. मुंबईत येणारा मात्र आपल्या मर्जीने येतो. येताना इथलं काही शिकायचं नाही असं ठरवून आला, तर त्याला विचारणारच.

दुसरं म्हणजे, राज्यात आपण बहुसंख्य आहोत हे कागदावर. लालबाग-परळमध्ये गिरण्या गेल्या, टॉवर आले. १९८२ च्या संपानंतर माझ्या वडिलांनी आयुष्यभर मिळेल ते काम केलं. आज त्याच भागात फ्लॅट बघायला गेलो तर दलाल आधी विचारतो, घरात मच्छी करता का? एका समाजापुरती सोसायटी ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात मुभा दिली. म्हणजे पैसेवाल्याने आपल्या जातभाईंशी निष्ठा राखली तर तो त्याचा हक्क, आणि आम्ही भाषेशी राखली की देशात फूट?

चिंतामणराव देशमुख केंद्रात अर्थमंत्री होते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ मध्ये राजीनामा दिला. त्यांच्या देशभक्तीवर कोण बोट ठेवणार?

खानापूर

मी सीमाभागातला, सध्या ठाण्याला राहतो. गिरणगावकरांच्या पहिल्या मुद्द्याशी शंभर टक्के सहमत. आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमा आमच्या अंगावरून गेली. 'बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' अशी घोषणा देत आमच्या आधीच्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राने तो नाकारला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

पण मामांनी लिहिलंय तेही खरंच आहे, आणि मुंबईकरांना ते कळत नाही. इकडे एखादा व्हिडिओ फिरला की तिकडे दुसऱ्या दिवशी कन्नड संघटना मराठी पाटीला काळं फासतात. मार आम्ही खातो. तुमच्या जल्लोषाची किंमत कोण मोजतं ते एकदा येऊन बघा.

सुभेदार (निवृत्त)

वीस वर्षांहून जास्त नोकरी केली, मराठा लाइट इन्फंट्रीत. तिचं केंद्र बेळगावातच आहे. तिथे कोण मराठी, कोण कानडी हे आम्ही कधी विचारलं नाही. देश पहिला. भाषा घरी बोला, बाहेर सगळ्यांना समजेल अशी हिंदी वापरा, फौजेत हेच चालतं. सीमेवरचा जवान तुमची मातृभाषा विचारून तुमचं रक्षण करत नाही.

गिरणगावकर

सुभेदारसाहेब, आदर राखून विचारतो. हल्ला करताना तुमची पलटण काय गर्जना करते? 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय!' शिखांच्या पलटणीची गर्जना वेगळी, गोरख्यांची वेगळी. प्रत्येकाला त्याच्या मातीची आठवण देऊन लढवायचं हे फौजेने जाणूनबुजून ठेवलंय. मग नागरिकांनीच ती आठवण उंबऱ्याच्या आत का ठेवायची? घटनेने कुठल्याही भाषेला राष्ट्रभाषा केलेलं नाही. पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ ला आला आणि २९ जूनला मागे घ्यावा लागला, तो काही देशद्रोह्यांमुळे नाही. सहा वर्षांच्या पोराच्या आईबापांमुळे.

निळी पहाट

सगळे 'आपली संस्कृती' म्हणताहेत. ती कोणाची ते आधी ठरवा. याच मुंबईत जिमखान्यांवर धर्मावर संघ पाडून क्रिकेट खेळलं जायचं. हिंदूंच्या संघात पळवणकर बाळू देशातला अव्वल गोलंदाज होता, पण चांभार म्हणून त्याला कर्णधारपद मिळालं नाही. ते त्याच्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये मिळालं. संघासाठी घाम गाळायला चालतो, पुढे उभा चालत नाही. समूहाच्या निष्ठेची ही बाजू आम्ही जवळून बघितली आहे.

बाबासाहेबांनी १९४८ मध्ये भाषावार प्रांतांसाठी नेमलेल्या धर आयोगापुढे मुंबई महाराष्ट्राचीच असं ठासून मांडलं. १९५५ मध्ये त्यांनीच महाराष्ट्राची चार राज्यं सुचवली, त्यातलं एक मुंबई शहराचं. भाषावार राज्यात एका मोठ्या जातीचं वर्चस्व होईल आणि लहान समाज भरडले जातील, ही त्यांची भीती होती. आणि आधी भारतीय, शेवटीही भारतीय, असं ते विधिमंडळात १९३८ मध्येच म्हणाले होते. सुभेदार म्हणतात त्या अर्थाने नव्हे. गावाने विहिरीवर येऊ दिलं नाही, तेव्हा दाद मागायला जागा देशाच्या कायद्यानेच दिली, म्हणून. माझी पहिली निष्ठा राज्यघटनेशी आहे. मराठी माझी आई आहे, पण मराठी पाटलाच्या वाड्याशी माझं काही देणंघेणं नाही.

चेंबूरवासी

मी मल्याळी, तिसरी पिढी. अण्णा, म्हणजे माझे वडील, साठच्या दशकात लहान होते. दाक्षिणात्यांविरुद्ध आंदोलन पेटलं तेव्हा आजोबांनी दुकानाची मल्याळी पाटी उतरवून आत ठेवली. मराठी त्यांना त्यामुळे आली नाही. शेजारच्या सातारकर मावशी आजीला रोज डाळ निवडताना शिकवायच्या, तिथून घरात आली. आज माझी मुलगी मराठीत निबंध लिहिते आणि ओणमला पूक्कळमही, म्हणजे फुलांची रांगोळीही, घालते.

गिरणगावकर, 'आपल्या मर्जीने आला' हे आजोबांना लागू होईल. मला कसं होणार? माझा जन्म सायन हॉस्पिटलमधला. तुमचे आजोबाही कोकणातून बोटीनेच आले असतील ना? सीमा माझ्या अंगावरून गेली नाही हे खरं, पण परत जायला मला गावही नाही.

माहीमकर

चेंबूरवासींनी मला म्हणायचं होतं ते माझ्यापेक्षा नीट सांगितलं.

खानापूर, तुमचा दावा भूमीचा आहे आणि तो वेगळा आहे, कबूल. पण दाव्याचा निकाल लागेपर्यंत मामाला त्याच्या भाषेत कागद मिळवून देणारी एकच गोष्ट आहे, भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क. ते आपण मुंबईत पायदळी तुडवले, तर बेळगावात कोणत्या तोंडाने मागणार? कर्नाटकाने २०२४ मध्ये पाटीवर ६० टक्के कन्नडचा कायदा केला. आपल्या पाट्यांच्या नियमाचं समर्थन करून मी त्याला नुसताच विरोध करू शकत नाही. मी एवढंच मागू शकतो की उरलेल्या ४० टक्क्यांत मराठीला कोणी हात लावू नये. इथेही तेच.

मुंबई महापालिका आजही मराठीबरोबर हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड माध्यमाच्या शाळा चालवते. बेळगावच्या प्रश्नावर दिल्लीत बोलताना आपल्या बाजूने दाखवण्यासारखी याहून चांगली गोष्ट माझ्या माहितीत नाही.

खानापूर

दिल्लीत गेली सत्तर वर्षं चांगल्या गोष्टीच दाखवतोय. कागद अजून कन्नडमध्येच येतो.

गिरणगावकर

कन्नड शाळा जरूर चालवा, माझा विरोध नाही. पण आमच्या भागातली पालिकेची मराठी शाळा पट कमी म्हणून बंद करायचं घाटतंय. तिच्यासाठी पालकसभेला आम्ही मोजकीच माणसं होतो. माहीमकर, पुढच्या सभेला तुम्ही या. चेंबूरवासी, तुम्हीही या, मुलीला घेऊन. मारहाणीबद्दल तिथेच भांडू, माझं मत बदललेलं नाही.