पुंजयामिकी शिकवताना संशोधन वर्गात आणायचे कुठून?

अनुनाद यांचा प्रश्न

मी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) शिकवते. क्रम नेहमीचाच आहे: कृष्णवस्तूचे प्रारण, प्रकाशविद्युत परिणाम, बोरचा अणू, द्रव्यतरंग, मग श्रोडिंजरचे समीकरण, विभवकूप, विभवरोध आणि शेवटी हायड्रोजनचा अणू. गेल्या आठवड्यात विभवरोध (कणाच्या ऊर्जेहून उंच असा अडसर, जो कण कधीकधी तरीही पार करतो) शिकवून झाल्यावर मी वर्गाला सहज विचारले, की रोधातून पलीकडे पोहोचलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा आधीपेक्षा कमी असेल, जास्त असेल की तेवढीच असेल. निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी "कमी" या उत्तराला हात वर केले. याच विद्यार्थ्यांनी दहा मिनिटांपूर्वी पारगमन गुणांक (रोध पार होण्याची संभाव्यता) बिनचूक काढला होता आणि त्यांच्या वहीत रोधाच्या दोन्ही बाजूंना ऊर्जेसाठी एकच अक्षर होते. गणित हाताला आले, पण ते कशाबद्दल आहे हे मनात उतरले नाही, याची मला फार खंत वाटली.

दुसरी अडचण याच्याशीच जोडलेली आहे. मुले क्वांटम संगणक, टेलिपोर्टेशन, एंटँगलमेंट हे शब्द ऐकून वर्गात येतात आणि आमचा अभ्यासक्रम १९२० च्या दशकाअखेर थांबतो. मी शेवटचे दोन तास "आजचे संशोधन" यासाठी राखून पाहिले, पण त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवल्याचे स्वरूप आले. मुलांनी मन लावून ऐकले आणि एकही प्रश्न विचारला नाही. संशोधन शेवटी न जोडता मुळातच कुठे गुंफता येईल? इतिहासाचा क्रम सोडून थेट दोन अवस्थांच्या प्रणालीपासून, म्हणजे स्पिन (इलेक्ट्रॉनचा अंगभूत कोनीय संवेग) किंवा ध्रुवणापासून (प्रकाशतरंगाच्या कंपनाच्या दिशेपासून) सुरुवात करावी का? ज्यांनी करून पाहिले आहे त्यांचे अनुभव हवे आहेत.

सहस्पंदन यांचे उत्तर

ऊर्जेच्या प्रश्नावर आधी लिहितो, कारण तिथे दोष बहुधा मुलांचा नसून आपण फळ्यावर काढतो त्या आकृतीचा असतो. रोधाची उंची, ऊर्जेची आडवी रेषा आणि तरंगफलन (कण कुठे सापडण्याची किती संभाव्यता आहे हे ज्यावरून कळते ते फलन) ही तिन्ही आपण एकाच अक्षांवर काढतो. ज्या अक्षावर नुकतीच ऊर्जा मोजली त्याच अक्षावर रोधापलीकडचा तरंग ठेंगणा झालेला दिसतो, आणि विद्यार्थी त्यालाच ऊर्जा घटली असे समजतो. शिवाय भिंत भेदून जायचे तर काहीतरी खर्ची पडणारच, ही रोजच्या व्यवहारातली समजूत त्याला दुजोरा देते. मी आता दोन आकृत्या एकीखाली एक काढतो: वरच्या आकृतीत विभव आणि ऊर्जा, खालच्या आकृतीत फक्त तरंगफलन. मग अलीकडची आणि पलीकडची तरंगलांबी पट्टीने मोजायला लावतो. तरंगलांबी तीच, म्हणजे संवेग तोच आणि ऊर्जाही तीच. उंची कमी, म्हणजे पलीकडे सापडण्याची संभाव्यता कमी, हे मग मुलेच सांगतात.

संशोधनाचा धागाही याच फळ्यावर सापडतो. धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला ५ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात असे धरून, सुईचे टोक आणि धातूचा पृष्ठभाग यांच्यातले अंतर ०.१ नॅनोमीटरने वाढल्यास तेवढी फट विभवरोधासारखी पार करून वाहणारा विद्युतप्रवाह किती पटीने घटेल, हे काढायला द्या. उत्तर सुमारे दहा पट येते. हे अंतर एका अणूच्या व्यासाहूनही कमी आहे, म्हणजे पृष्ठभागावरचा एकेक अणू प्रवाहाच्या चढउतारात दिसला पाहिजे, इथपर्यंत विद्यार्थी स्वतःच येतो. त्यानंतर सांगावे, की गेर्ड बिनिग आणि हाइनरिख रोहरर यांनी १९८१ साली नेमके हेच यंत्र उभे केले आणि १९८६ चे नोबेल पारितोषिक त्यांना त्यासाठी मिळाले. पारगमन गुणांकातल्या ज्या घातांकाचा वर्गाला कंटाळा आला होता, त्याच घातांकावर स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शक चालतो, हे कळल्यावर प्रश्न थांबत नाहीत: सुई इतकी स्थिर कशी धरली, इमारतीची कंपने कशी थोपवली, टोकाला एकच अणू कसा उरला?

क्रमाविषयी म्हणाल तर मी ध्रुवणापासून सुरुवात करतो. दोन पोलरॉइड (एकाच दिशेच्या ध्रुवणाचा प्रकाश जाऊ देणाऱ्या पट्ट्या) काटकोनात धरले की अंधार होतो. त्यांच्या मधोमध तिसरा ४५ अंशांत सरकवला की उजेड परत येतो, आणि आदर्श स्थितीत पहिल्यातून निघालेल्या प्रकाशाचा चौथा हिस्सा पलीकडे पोहोचतो. आडकाठी वाढवल्यावर उजेड वाढतो, हे मुलांनी आपल्या हातांनी करून पाहावे. मात्र हा प्रयोग साध्या तरंगसिद्धांतानेही पुरता समजतो, हे मी त्यांच्यापासून लपवत नाही. एका वेळी एकच फोटॉन (प्रकाशाचा कण) आला तर काय होईल, तो चौथा हिस्सा जाईल का, हा प्रश्न विचारल्यावर मात्र त्या सिद्धांताची वाट संपते आणि संभाव्यतेची भाषा अपरिहार्य होते.

युग्मगणक यांचे उत्तर

मी प्रयोगशाळेत एकेका फोटॉनवर काम करते, म्हणून वरच्या शेवटच्या मुद्द्याला पुढे नेते. एकच फोटॉन आला हे आपल्याला कशावरून कळते, हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारू द्यावा, कारण पाठ्यपुस्तके तो फार लवकर मिटवतात. प्रकाशविद्युत परिणामाने फोटॉन सिद्ध झाला असे सर्रास लिहिलेले असते. परंतु द्रव्य पुंजयामिकीचे आणि प्रकाश मात्र जुन्या पद्धतीचा तरंग असे मानूनही त्या परिणामाची ठळक वैशिष्ट्ये मिळतात, हे लॅम्ब आणि स्कली यांनी १९६० च्या दशकाअखेर दाखवले होते. आइनस्टाइनच्या १९०५ च्या कल्पनेचे मोल त्यामुळे कमी होत नाही. केवळ पुरावा दुसरीकडे शोधावा लागतो, आणि तो ग्रांजिए, रोजे आणि आस्पे यांच्या १९८६ च्या प्रयोगात स्वच्छ मिळतो: बीम-स्प्लिटरवर (प्रकाशाचा झोत दोन वाटांत विभागणाऱ्या काचेवर) आलेला फोटॉन एका वाटेने तरी जातो किंवा दुसऱ्या, तरंग दुभंगला असता तर दोन्ही डिटेक्टर जितक्या वेळा एकदम वाजायला हवे होते, त्याहून ते फार कमी वेळा वाजतात.

आज हा प्रयोग पदवीच्या प्रयोगशाळेतही होतो. ४०५ नॅनोमीटरचा लेझर बेरियम बोरेटच्या स्फटिकातून गेला की फार थोड्या फोटॉनांचे प्रत्येकी दोन, ८१० नॅनोमीटरचे, फोटॉन होतात. एकाने वर्दी द्यायची आणि दुसऱ्यावर प्रयोग करायचा. उपकरणे नसतील तर कुणा संशोधन गटाकडून मोजणीचे कच्चे आकडे मागून घ्या आणि तेच वर्गात वाटा. माझ्याकडे आलेल्या विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त कशाने शिकवले असेल, तर एकदम वाजणाऱ्या टिकटिकांची संख्या शून्य का येत नाही या प्रश्नाने. दोन्ही डिटेक्टर सेकंदाला ५०,००० वेळा वाजत असतील आणि एकूण ५ नॅनोसेकंद रुंदीच्या कालखंडातल्या टिकटिका आपण एकाच क्षणाच्या धरत असू, तर निव्वळ योगायोगाने सेकंदाला सुमारे १२ जोड्या जुळतात. त्या वजा करायच्या की नाहीत, आणि केल्यास वाचकाला काय सांगायचे, हा वाद घालणारा विद्यार्थी संशोधनच करत असतो.

तिसरा आधार यांचे उत्तर

मी पीएचडीचा विद्यार्थी आहे आणि पदवीला मला स्पिनपासूनच शिकवले गेले, म्हणून एक सावधगिरीची सूचना करतो. दोन अवस्था, सदिश आणि मापन हे मला उत्तम समजले होते. पण तरंगफलन आले तेव्हा मला तो सर्वस्वी वेगळा विषय वाटला आणि दोन महिने मी चाचपडत होतो. तरंगफलन म्हणजे त्याच अवस्था-सदिशाचे घटक, फक्त दोन नव्हे तर प्रत्येक स्थानासाठी एक, हे मला फार उशिरा उमगले. मध्ये एक पायरी हवी: एका रांगेत दहा कप्पे आणि त्यांपैकी कुठल्यातरी कप्प्यात सापडू शकणारा एक कण, मग शंभर कप्पे, मग सलग रेषा.

इतिहास पूर्णपणे वगळू नये, असेही मला वाटते. श्टेर्न आणि गेरलाख यांना १९२२ मध्ये चांदीच्या अणूंच्या झोताचे दोन भाग झालेले दिसले, आणि त्या वेळच्या जुन्या पुंजसिद्धांताची खात्री पटली असे मानले गेले. इलेक्ट्रॉनच्या स्पिनची कल्पना आली ती १९२५ मध्ये. निरीक्षण अचूक होते आणि त्याचे कारण चुकीचे लावले गेले, हे कळल्यापासून मी कोणताही शोधनिबंध अधिक लक्षपूर्वक वाचू लागलो.

अनुनाद

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. दोन वेगळ्या आकृत्या सोमवारीच काढून पाहते आणि कच्च्या आकड्यांसाठी एका गटाला पत्र लिहिते. एकच शंका उरते: परीक्षा जुन्याच धर्तीची असताना मुले या गोष्टींना वेळ देतील का?

सहस्पंदन

अंतर्गत परीक्षा आपल्या हातात असते. मी पारगमन गुणांकाचे नेहमीचेच उदाहरण देतो आणि त्याखाली एवढेच विचारतो: रोधाची रुंदी दुप्पट केल्यास पलीकडे पोहोचलेल्या इलेक्ट्रॉनच्या कोणत्या राशी बदलतील, कोणत्या बदलणार नाहीत, आणि हे प्रयोगाने कसे तपासाल? तीन-चार वाक्यांच्या त्या उत्तराला मी आकडेमोडीइतकेच गुण ठेवतो.