डायल पिवळी पडलेलं जुनं घड्याळ: भाव चढतो का पडतो?

पेठकर_७८
आजोबांचं एचएमटी जनता सापडलं, कपाटात पितळी डब्यात, फडक्यात गुंडाळलेलं. आजोबा मिलमधे होते, भोंगा झाला की घड्याळ लावायचे म्हणे (प्रत्येक सोलापुरी घरात ही गोष्ट आहे, आमच्यातही आहे). चावी दिली की चालतंय, दिवसाला मिनिटभर पुढं जातंय ते सोडा. डायल मूळची पांढरी असणार, आता सायीसारखी पिवळट झालीय आणि तीनपासून चारपर्यंत एक तपकिरी डाग. नवी पेठेत एकाला दाखवलं तर म्हणला डायल रंगवून घ्या, ४०० रुपयात नवं करून देतो, मग २००० ला जाईल, आत्ता आहे असं मी ८०० देतो. मी उठून आलो. माझं मत असं की रंगवलं की संपलं, जो रंग उडालाय तोच त्या घड्याळाचा भाव आहे, बाहेरच्या देशात तर अशा डायलला जास्त पैसे देतात. बोला.

चादरवाला
बोलतो की. आपल्या गावात पिढ्यानपिढ्या पक्का रंग विकला बे. गिऱ्हाईक चादर हातात घेतलं की पहिलं विचारतंय रंग जाणार नाय ना. आणि तू उडालेल्या रंगाचे जास्त पैसे मागतोय. डाग म्हणजे डाग. त्याला भारी नाव दिलं म्हणून तो दागिना होत नाय.

पेठकर_७८
चादर परत विणता येते, तीच नक्षी, तोच माग. ही डायल परत कोण छापणार? कंपनीच्या घड्याळाच्या धंद्याला सरकारनं २०१६ ला टाळं लावलं.

चादरवाला
कोण छापणार म्हणजे? तो नवी पेठेतला ४०० ला छापतोय की 😄

जुळेसोलापूर_अण्णा
मी दोघांच्या मधे पडतो. बाहेर ज्या डायलला पैसे मिळतात ती रोलेक्स, ओमेगाची, काळी डायल उन्हानं एकसारखी चॉकलेटी झालेली, ट्रॉपिकल म्हणतात तिला. मुळात घड्याळ दुर्मीळ, त्यात तशी डायल अजून दुर्मीळ, म्हणून भाव. जनता लाखांनी निघाली हो. १९६१ ला एचएमटीवाले बंगळूरात जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं घड्याळं बनवायला लागले, मग मास्तर, गार्ड, जॉबर, ज्याला नोकरी लागली त्याच्या मनगटावर एचएमटी. जे लाखांनी आहे त्यातलं स्वच्छ पीस मिळतं, मग पिवळ्याला कोण जास्त देईल? रोलेक्सचा नियम जनताला लावू नका. पण रंगवूही नका. रंगवलेलं मी स्वतः दोनदा घेतलंय ऑनलाईन, फोटोत चकाचक, हातात आल्यावर खेळण्यातलं.

भिंगवाली
वडलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, मी दहावीपासून त्यांच्या बाजूला बसले, म्हणून जरा लांब लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

पहिली गोष्ट, पिवळी डायल आहे का पिवळी काच, हे बघितलं का कुणी? जुन्या घड्याळाची काच म्हणजे प्लास्टिकच, ती वयानं पिवळी होते, वर ओरखडे. आमच्याकडं निम्मी गिऱ्हाईकं डायल गेली म्हणून यायची आणि पप्पा काच काढून त्यांच्या समोर ठेवायचे, खाली डायल बरी असायची. काच घासून पॉलिश होते, नाही झाली तर बदलायची, चहापाण्याचा खर्च.

दुसरी. काच काढल्यावर डायलची कड बघायची. केसच्या, म्हणजे बाहेरच्या डबीच्या, रिंगखाली जी बारीक पट्टी झाकलेली असते तिथं ऊन पोचलेलं नसतं, मूळ रंग तिथं राहतो. मधला भाग आणि कड यात एकसारखा फरक असेल तर उन्हानं आणि वयानं वरची लॅकर, म्हणजे वार्निशसारखा थर, पिवळी झालीय, ते सरळ म्हातारपण आहे. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, खिडकीत ठेवलेलं घड्याळ किती टिकणार. पण डाग एका बाजूलाच असेल तर ते ऊन नाही, पाणी आहे. पेठकरदादा तुमचा डाग तीनपासून चारपर्यंत म्हणताय, तीनला काय असतं? चावी. चावीचं सील गेलेलं असतं, घामाचं मनगट, ओल आत जाते आणि तिथून पसरते. हा डाग वयाचा नाही, रोगाचा आहे. त्याचे पैसे कमीच होणार आणि नुसते डायलचे नाही, कारण ओल तिथवर गेली म्हणजे खालच्या मशीनला गंज लागलाय का ते आधी बघायचं. ८०० देणारा माणूस तुम्हाला फसवत नव्हता, पण त्यानं मागचं झाकण उघडून दाखवलं का? नाही ना.

तिसरी, रंगवलेली डायल ओळखायची. भिंग घ्या, दहापट पुरे. जनतावर देवनागरीत जनता लिहिलेलं असेल तर शिरोरेखा बघा. मूळ छपाईत ती बारीक, सरळ, दोन्ही टोकं कापल्यासारखी. रंगवलेल्यात ती जाड असते, ‘ज’चं पोट भरून जातं, मिनिटाच्या रेघा आकड्यांना चिकटतात. खालची बारीक अक्षरं तर बऱ्याचदा गायबच. आणि काटे बघा. डायल नवी कोरी आणि काटे काळवंडलेले, किंवा उलट, म्हणजे दोघांचा जन्म वेगळा.

आणि कापसानं पुसू नका. छपाई लॅकरच्या जिवावर बसलेली असते, ओला कापूस फिरवला की अर्धा आकडा कापसावर येतो. मी स्वतः केलंय हे, नववीत, एका मास्तरांच्या घड्याळाला. पप्पा काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

चादरवाला
ताई तुमचं सगळं मान्य. पण मग तुम्हीच म्हणताय की डाग म्हणजे रोग. रोगी माणसाला औषध देतात ना? डायल रंगवणं हे औषधच.

भिंगवाली
औषध म्हणजे सील बदलणं, मशीन साफ करणं. डायल रंगवणं म्हणजे आजारी माणसाला पावडर लावून लग्नाला नेणं.

रेल्वे_कॉलनी
😂😂 ताई

माझी एक शंका. आमच्या पणजोबांचं वेस्ट एंड या जुन्या स्विस कंपनीचं घड्याळ आहे, सोवार प्रायमा मॉडेल, पणजोबा रेल्वेत होते. डायलवर साडेचारच्या जागी दोन्ही काट्यांची तपकिरी सावली उमटलीय, काटे हलवले तरी सावली तिथंच. घरात म्हणतात ते गेले तेव्हापासून घड्याळ साडेचारला थांबलं होतं. अंधारात काही चमकत नाही, म्हणजे काट्यांच्या चमकणाऱ्या रंगातलं रेडियम संपलंय, काटे खरवडून नवा रंग भरू का?

भिंगवाली
अजिबात खरवडू नका!! चमकत नाही याचा अर्थ त्यातली चमकणारी पावडर मेलीय, रेडियम जिवंत आहे, ते अर्धं व्हायला १६०० वर्षं लागतात. ती सावली त्यानंच उमटवलीय, एका जागी वर्षानुवर्षं काटा उभा राहिला की खालची डायल भाजते. तशीच बंद ठेवा, घरी उघडू नका, पावडर श्वासात जायला नको. उजळवायला तर कुणाला देऊच नका.

साधारण साठच्या दशकात चमकवायला रेडियम मागं पडलं आणि त्याच्या जागी ट्रिटियम आलं, ट्रिटियमवाल्या स्विस घड्याळावर सहाच्या खाली ‘टी स्विस टी’ असतं. ते बारा वर्षांत अर्धं होतं. म्हणून सत्तरच्या सालचं टीवालं घड्याळ कुणी विकायला आणलं आणि ते रात्रभर लख्ख चमकतंय, तर समजा कुणीतरी नंतर रंग भरलाय.

जुळेसोलापूर_अण्णा
ही साडेचारची सावली मात्र मी पैसे देऊन घेईन. जनताचा डाग नाही घेणार. बघा, माझंच मत फिरलं.

चादरवाला
म्हणजे शेवटी गोष्टीचेच पैसे देताय अण्णा, घड्याळाचे नाय. आणि गोष्ट तर पेठकरकडं पण हाय, भोंग्याची.

जुळेसोलापूर_अण्णा
भोंग्याची गोष्ट डायलवर दिसत नाही ना. ती पेठकर सांगतोय म्हणून आहे. उद्या तिसऱ्याच्या हातात गेलं की गोष्ट संपली, डाग राहिला. सावली कुणाच्याही हातात सावलीच राहणार.

पेठकर_७८
हे लागलं जरा. पण खरंय.

आज दुसऱ्या दुकानात जाऊन आलो, मधला मारुतीच्या अलीकडं एक म्हातारे बसतात. भिंगवाली ताई, काच पिवळी होती! काच काढली तर डायल सायीची नाही, फिक्या ताकाच्या रंगाची, कड अगदी पांढरी. डाग मात्र आहे, आणि चावीच्या दांड्याला गंज, तुम्ही म्हणलात तसंच. मशीन बाकी स्वच्छ. १५० ला नवी काच, साफसफाईचे वेगळे ३५०, डायलला हात लावू दिला नाही. भाव विचारला तर म्हणाले १२०० पर्यंत जाईल, डागाचे पैसे कापूनच. म्हणजे मी उडालेल्या रंगाचे जास्त मागत होतो ते चुकलंच, पण रंगवून २००० घेण्यापेक्षा मला हे १२०० बरे वाटतात.

चादरवाला
विकतोयस का मग?

पेठकर_७८
नाही.

चादरवाला
मग एवढा भाव कशाला काढायला लावलास बे सगळ्यांना

भिंगवाली
ते राहू द्या. जुनी काच आणि गंजलेला दांडा परत मागून घेतला का? नसेल तर उद्या सकाळीच जा, कचऱ्यात जायच्या आधी. नवी काच नीट बसली नाही तर मापाला तीच लागेल.