तिसरी-चौथीच्या वर्गात पाच संगणक आहेत. मुलांनी त्यांवर नेमके काय करावे?

प्रश्न — शिक्षिका, द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळा

सर्वांना नमस्कार. आमच्या शाळेत तिसरी आणि चौथीचे वर्ग मी एकत्र घेते. पटावर २३ मुले आहेत. ग्रामपंचायतीच्या मदतीने गेल्या वर्षी आम्हाला पाच जुने, पण चालू स्थितीतले संगणक आणि एक प्रोजेक्टर मिळाला. इंटरनेट अधूनमधून चालते आणि दुपारनंतर विजेचा भरवसा नसतो. वर्षभर मी प्रामुख्याने प्रोजेक्टरवर कवितांचे आणि परिसर अभ्यासाचे व्हिडिओ दाखवले. मुले खूश असतात, कविता तालासुरात म्हणतात. मात्र आठवड्याने त्याच कवितेतल्या चार ओळी वहीत लिहायला सांगितल्या, तर जोडाक्षरे, वेलांट्या आणि रफार यांचा गोंधळ होता तसाच राहिलेला दिसतो. मुलांनी पाहिले भरपूर, पण स्वतः काही केले नाही, ही बोच मला लागून राहिली आहे. संगणकामुळे मुलांच्या शिकण्यात खरोखर भर पडेल, असे काही आपण वर्गात करून पाहिले असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद — निवृत्त शिक्षिका, भाषा विषय

बाई, नमस्कार. आपण ज्या जोडाक्षरांच्या आणि रफाराच्या गोंधळाबद्दल लिहिले आहे, त्यावरचा उपाय माझ्या मते आपल्या पाच कळफलकांतच आहे. मुलांना मराठी टंकलेखन शिकवा, आणि तेही इनस्क्रिप्ट पद्धतीने, म्हणजे प्रत्येक कळीवर थेट देवनागरी अक्षर असलेल्या कळफलकाने. बरेच शिक्षक रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारी पद्धत वापरतात, कारण मोठ्यांना ती सोयीची वाटते. तिसरीतल्या मुलाची गोष्ट वेगळी असते. त्याला देवनागरी येत असते आणि रोमन लिपी अजून पक्की झालेली नसते. शिवाय त्या पद्धतीत पडद्यावर शब्दांचे पर्याय आपोआप येतात, त्यामुळे ऱ्हस्व की दीर्घ हा विचार मुलाला करावाच लागत नाही, आणि आपल्याला तर नेमका तोच विचार त्याच्याकडून करून घ्यायचा असतो.

इनस्क्रिप्टची रचना भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाणित केली आणि ती आपल्या वर्णमालेवरच उभी आहे. स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजने मुख्यतः उजव्या हाताकडे आहेत. क ज्या कळीवर आहे त्याच कळीवर शिफ्ट दाबून ख मिळतो. ग आणि घ, त आणि थ, द आणि ध, प आणि फ, ब आणि भ यांच्याही अशाच जोड्या आहेत. अल्पप्राण आणि महाप्राण हे शब्द न उच्चारता तिसरीतले मूल तो संबंध बोटांनी शिकते. स्वरांचेही तसेच आहे: एकाच कळीवर नुसती वेलांटी आणि शिफ्टसह पूर्ण इ. ‘की’ मधली ई आणि ‘ईद’ मधली ई एकच, हे फळ्यावर समजावताना मला अनेक वर्षे घाम फुटत असे. कळफलकावर ते मुलांना आपोआप दिसले.

सर्वांत मोठा लाभ मात्र क्रमाचा आहे. इनस्क्रिप्टमध्ये अक्षरे उच्चाराच्या क्रमाने दाबावी लागतात. ‘कि’ लिहिताना वेलांटी कागदावर डावीकडे दिसत असली, तरी आधी क आणि मग वेलांटी दाबायची असते. ‘धर्म’ लिहिताना ध, र, पाय मोडण्याची कळ आणि मग म. म दाबताक्षणी मोडलेला र उडी मारून म च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. तेच ‘क्रम’ लिहिताना क चा पाय मोडावा लागतो आणि र खाली तिरका जोडला जातो. कोणाचा पाय मोडला, हे मुलाने स्वतः ठरवलेले असल्यामुळे रफार आणि रकार यांतला भेद त्याला पाठ करावा लागत नाही. माझ्या वर्गात मुले ‘बाई, र चा पाय मोडला की तो वर जाऊन बसतो’ असे एकमेकांना सांगू लागली, तेव्हा व्याकरणाचा तो पाठ मी घेतलाच नाही.

विंडोज आणि लिनक्स या दोन्हींत हा कळफलक मुळातच असतो. मराठी भाषा निवडून तो सुरू करावा लागतो आणि त्यासाठी इंटरनेट सतत लागत नाही. कळांवर मराठी अक्षरे नसतात, म्हणून मी कागदाचे छोटे चौकोन कापून चिकटपट्टीने लावले होते; ते महिन्या-दोन महिन्यांनी बदलावे लागतात. सुरुवातीला कविता उतरवून काढायला देऊ नका. मुलाने आधी एक वाक्य तोंडाने सांगावे, सगळ्यांनी मिळून त्याचे आवाज फोडावेत आणि मग तेच वाक्य टंकित करावे.

प्रतिसाद — उच्च प्राथमिक शाळेतील गणित शिक्षक

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. गणितापुरते एक सुचवतो. सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली लोगो ही मुलांसाठीची संगणकभाषा तयार केली. पुढे तिच्यातले पडद्यावरचे कासव प्रसिद्ध झाले: त्याला ‘पुढे जा’, ‘उजवीकडे वळ’ असे सांगितले की ते रेषा काढत जाते. आज हेच काम अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये तयार झालेल्या स्क्रॅच या ठोकळे जोडून आज्ञा देण्याच्या भाषेतल्या पेनाने करता येते. ते एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालते.

चौथीच्या मुलांनी चौरस काढावा: १०० पावले पुढे, ९० अंश उजवीकडे, असे चार वेळा. त्याआधी हाच चौरस मैदानावर एका मुलाला चालवून काढायला लावा, कारण वळणे म्हणजे काय हे शरीराला कळल्याशिवाय पडद्यावरचा कोन हा नुसता आकडा राहतो. माझ्या सातवीच्या वर्गात समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असतो हे सर्वांना पाठ होते, म्हणून सगळ्यांनी ६० अंश वळवले, आणि आकृती तीन बाजूंनंतर उघडीच राहिली. एका गटाने तीच आज्ञा पुढे चालू ठेवली तेव्हा सहा बाजूंचा षटकोन मिटला. १२० अंश वळावे लागते, कारण कासव बाहेरच्या कोनातून वळते, हे मुलांनी अर्ध्या तासाच्या वादानंतर स्वतः शोधले. ती चूक मी आधीच सांगितली असती, तर तो अर्धा तास वाया गेला असता असे मला वाटते.

प्रतिसाद — शिक्षक, सोलापूर जिल्हा

व्हिडिओ आणि ध्वनिफिती सरसकट बाजूला सारू नयेत, एवढेच मला म्हणायचे आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, म्हणजे मोबाइलने टिपले की पाठाची ध्वनिफीत किंवा व्हिडिओ उघडणाऱ्या चौकोनी खुणा, आणि त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ हा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला हे आपण जाणताच. त्या कल्पनेचे बळ मला यात दिसते की मूल पाठ हवा तेव्हा आणि हवा तितक्या वेळा ऐकू शकते, न समजलेल्या जागी थांबवू शकते. प्रोजेक्टरवर २३ मुलांनी एकदम पाहिलेल्या व्हिडिओत हे थांबणे कोणाच्याच हातात नसते. म्हणून तोच व्हिडिओ दोन-दोन मुलांना एका संगणकावर द्यावा आणि कोठे थांबवला, का थांबवला, हे त्यांना विचारावे.

आणखी एक गोष्ट, जी मी उशिरा शिकलो: माउस कोणाच्या हातात आहे याकडे लक्ष ठेवा. जोडीतला धीट मुलगा तो सोडत नाही आणि शेजारची मुलगी वर्षभर नुसती बघत राहते. आम्ही दहा मिनिटांनी घंटा वाजवून जागा बदलतो. एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने करायचे, हा नियम कटाक्षाने पाळतो.

मूळ प्रश्नकर्त्या

सर्वांचे मनापासून आभार. कळफलकावर अक्षरे चिकटवून तीन आठवडे झाले. वीज सकाळी असते, म्हणून परिपाठानंतरची पहिली तासिका यासाठी ठेवली आणि पाच-पाच जोड्या आलटून पालटून बसवल्या; उरलेली मुले तोवर वाक्यांचे आवाज वहीत फोडतात. काल एका मुलीला ‘डोंगर आणि दऱ्या’ लिहायचे होते. तिने र चा पाय मोडून य जोडला, तर पडद्यावर ‘दर्या’ आले आणि ती म्हणाली, ‘बाई, हा तर समुद्र झाला.’ मलाही ते जमेना. हा अर्धा र कसा आणावा?

प्रतिसाद — निवृत्त शिक्षिका, भाषा विषय

त्या मुलीचे कान फार चांगले आहेत, तिला माझी शाबासकी सांगा. र ची कळ शिफ्टसह दाबली की ऱ मिळतो. मग पाय मोडण्याची कळ, मग य आणि काना, की ‘दऱ्या’ तयार होते. ‘कुऱ्हाड’ आणि ‘तऱ्हा’ही याच रीतीने येतात. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द मात्र चौथीच्या मुलांना शेजारी शेजारी लिहायला द्या आणि अर्थ त्यांनाच सांगू द्या.