गोवा २०१७: कौल नेमका कोणाला होता?

मांडवीकाठ:
११ मार्च २०१७ चा निकाल आठवा. चाळीस जागांत काँग्रेस १७, भाजप १३, मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) ३, गोवा फॉरवर्ड ३, अपक्ष ३, राष्ट्रवादी १. सत्ताधारी भाजप २०१२ च्या २१ वरून १३ वर घसरला, मुख्यमंत्री पार्सेकर स्वतः मांद्र्यात पडले. तरी तीनच दिवसांत भाजपच्या पर्रीकरांचा मुख्यमंत्री म्हणून शपथविधी झाला. राज्यपाल मृदुला सिन्हांनी सर्वांत मोठ्या पक्षाला बोलावलं नाही. पर्रीकरांना पाठिंबा देणाऱ्या गोवा फॉरवर्डने तर प्रचारच भाजपविरोधात केला होता! माझं स्पष्ट मत आहे, त्या आठवड्यात गोव्याचा कौल उलटवला गेला.

फोंडेकर:
बोलवायला काँग्रेसने दावा तरी केला होता का? पर्रीकर २१ आमदारांचा पाठिंबा घेऊन राजभवनावर गेले, तेव्हा काँग्रेसचा नेताच ठरत नव्हता. सर्वोच्च न्यायालयातही त्यांना हेच ऐकावं लागलं की आकडा होता तर राज्यपालांसमोर का मांडला नाही. १६ मार्चला विश्वासदर्शक ठराव २२ विरुद्ध १६ ने मंजूर झाला. शिवाय मतं भाजपला सुमारे ३२ टक्के, काँग्रेसला २८. मग कौल काँग्रेसचा कसा?

मांडवीकाठ:
टक्केवारीवर सरकार बनत नाही, जागांवर बनतं. केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगाने राज्यपालांनी कोणाला बोलवावं याचा क्रम घालून दिलाय: आधी निवडणूकपूर्व युती, मग सर्वांत मोठा पक्ष, निकालानंतरची आघाडी त्याच्याही नंतर.

फोंडेकर:
अहो, त्याच क्रमात सर्वांत मोठ्या पक्षाने इतरांच्या पाठिंब्यासह दावा करायचा असतो, हे का गाळता? आणि मे २०१८ मध्ये कर्नाटकात १०४ जागांसह सर्वांत मोठ्या ठरलेल्या भाजपला आधी बोलावलं, तेव्हा काँग्रेसच रातोरात कोर्टात धावली.

डिचोलीची वाचक:
दोघंही राजभवनाच्या दारातच अडकलात. खरं नुकसान पुढे झालं. २०१७ मध्ये ज्यांच्या नावाने काँग्रेसची याचिका होती, ते विरोधी पक्षनेते कवळेकर जुलै २०१९ मध्ये स्वतःसह काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदार घेऊन भाजपमध्ये गेले आणि उपमुख्यमंत्री झाले. दोन तृतीयांश भरले, म्हणून पक्षांतरबंदी लागू झाली नाही. ज्यांनी २०१७ ला सरकार उभं करून दिलं, त्या गोवा फॉरवर्डच्या मंत्र्यांनाही लगेच घरी पाठवलं. २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने उमेदवारांना देवळात, क्रुसासमोर आणि दर्ग्यात पक्ष न सोडण्याच्या शपथा घ्यायला लावल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात काँग्रेसच्या अकरापैकी आठ आमदार भाजपमध्ये गेले. मला याचा फार राग येतो. देवासमोर दिलेला शब्दही मतदाराच्या कामी आला नाही.

मांडवीकाठ:
म्हणूनच म्हणतो, सुरुवात २०१७ ला झाली. पक्ष बदलायचा तर आधी आमदारकी सोडा, एवढी एकच अट घाला.

फोंडेकर:
काँग्रेसच्या विश्वजीत राणेंनी २०१७ मध्ये तेच केलं होतं. निवडून आल्यावर काही दिवसांतच राजीनामा, ऑगस्टमध्ये पोटनिवडणूक, आणि वाळपईने त्यांनाच भाजपच्या तिकिटावर पुन्हा पाठवलं. मांद्रे आणि शिरोड्यातही २०१९ ला असंच झालं. तिथला कौल कोणी उलटवला, सांगा.

मांडवीकाठ:
त्या तिघांबद्दल माझी तक्रार नाही. ते लोकांसमोर परत गेले, लोकांनी निवडलं. २०१९ चे दहा आणि २०२२ चे आठ मात्र मतदारांना न विचारताच गेले. त्यांच्याबद्दल बोला.