फॉरेन्सिकची पदवी की मूळ विज्ञान?
थेट फॉरेन्सिकची (गुन्ह्यातले पुरावे प्रयोगशाळेत तपासण्याच्या शास्त्राची) पदवी घ्यावी, की रसायनशास्त्रासारख्या मूळ विज्ञानाची, असा प्रश्न पडतो. डीएनए विभागासाठी जीवरसायन आणि संख्याशास्त्र पक्कं हवं, विषशास्त्रासाठी रसायनशास्त्र. अभ्यासक्रमाच्या नावापेक्षा त्यात प्रयोगशाळेचे तास किती, ते बघा. तपास अधिकारी व्हायचं तर रस्ता पोलीस भरतीचा (टीव्ही मालिकांनी या दोन कामांचा घोळ घातलाय).

प्रयोगशाळेत बराच वेळ नोंदींतच जातो. पुरावा कुणाकडून कुणाकडे, कधी गेला यातला एक दुवा सुटला, तरी उलटतपासणीत अहवाल लटकतो. पुरावा बांधून ठेवण्यातही गोची असते: रक्ताने ओला कपडा प्लॅस्टिकमध्ये ठेवला की ओल कोंडून जिवाणू वाढतात, डीएनए तुटतो. म्हणून तो आधी वाळवून, स्वतंत्र कागदी पिशवीत. जळिताचे नमुने मात्र हवाबंद डब्यातच, नाहीतर आग लावायला वापरलेल्या पेट्रोलची वाफ उडून जाते.